मृत फॉन्टांच्या हवाली मराठी

अहमदनगर जिल्हा २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाला आणि ग्रामपंचायतींच्या लेटरहेडपासून पतसंस्थांच्या पासबुकांपर्यंत सारी छपाई नव्याने करण्याचा प्रसंग आला. छपाईच्या दृष्टीने हे नाव कसोटीचे आहे. त्यातील ‘ह’ला ऱ्हस्व वेलांटी आहे आणि तिच्या पाठोपाठ ‘ल्य’ हे जोडाक्षर येते. मजकूर एका पद्धतीने टंकलेला आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीचे असेल, तर वेलांटी ‘ह’ला सोडून ‘ल’वर जाऊन बसते, जोडाक्षर फुटते आणि ‘ल’चा मोडलेला पाय उघडा पडतो. याच जिल्ह्यातल्या अकोले या तालुक्याच्या गावातला डीटीपी ऑपरेटर हे रोज पाहतो आणि रोज त्यावर मात करतो. तो नाव जुन्या फॉन्टात पुन्हा टंकतो, कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांची निव्वळ आकृती करतो, आणि प्लेट काढायला पाठवतो. कागदावर नाव शुद्ध उमटते, बिल मंजूर होते आणि त्या फाइलमध्ये ‘अहिल्यानगर’ हा शब्द कुठेही उरलेला नसतो. उरते ती त्या शब्दाच्या आकाराची निव्वळ रेघ.

छपाईसाठी फॉन्टची कोणती फाइल निवडायची, हा निर्णय आपल्या समाजाने पूर्णतः ऑपरेटरच्या सवयीवर सोडला आहे. संस्थांचे संचालक, महाविद्यालयांचे प्राचार्य, पंचायत समितीचे अधिकारी आणि वृत्तपत्रांचे मालक या सर्वांच्या लेखी ती बाब शाई किंवा कागदाच्या जाडीहूनही गौण आहे. या औदासीन्याची किंमत आता दृष्टिपथात आली आहे. गेल्या तीन दशकांत मराठीत जे जे संगणकावर जुळवले आणि छापले गेले, त्यातील फार मोठा भाग यंत्राला वाचता येणार नाही, शोधता येणार नाही आणि थोड्याच काळात उघडताही येणार नाही, अशा अवस्थेस पोहोचला आहे.

कारण समजून घेतले पाहिजे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतनाचे भारतीय मानकही सिद्ध झाले. परंतु छापखान्यांत जे रुजले ते निराळे होते. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांना जेमतेम २५६ घरे असत आणि ती रोमन लिपीसाठी आखलेली होती. प्रत्येक निर्मात्याने त्या घरांत आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा ‘स’ एका घरात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. श्रीलिपीची मांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी, शिवाजीची आणखी वेगळी. डोळ्यांना ‘मराठी’ दिसे. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असे. या फॉन्टांनी खिळ्यांच्या जुळणीतून मराठीला संगणकाच्या युगात आणले, हे त्यांचे ऋण निःसंशय आहे. पण ती एका संक्रमणकाळाची तडजोड होती आणि आपण तिलाच कायमची व्यवस्था मानून बसलो.

ज्या सॉफ्टवेअरवर ही तडजोड उभी होती, ते एकेक करून कोसळले आहे. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ ची. त्यानंतर अडोबीने त्याचा विकासच थांबवला. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये निरोप दिला. एकेकाळी छपाईचा मानदंड समजल्या गेलेल्या ‘टाइप १’ या फॉन्टप्रकाराचा आधार अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या साधनांतून काढून घेतला आणि तसे करणार असल्याचे दोन वर्षे आधी जाहीरही केले. इशारा पुरेसा होता; तो ऐकणारे कोणी नव्हते. आज तालुक्यातालुक्यांत एखादा जुना संगणक केवळ एवढ्यासाठी जिवंत ठेवलेला आढळतो की, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फाइली त्याच्यावरच उघडतात. त्याची हार्डडिस्क ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी त्या गावाच्या छापील स्मृतीचा एक कप्पा कायमचा मिटेल आणि त्याची वार्ता कोणत्याही वृत्तपत्रात येणार नाही.

दरम्यान, रोजच्या कामातली हानी तर अखंड चालूच आहे. आज मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, म्हणजे युनिकोडमध्ये येतो. छापखान्यात जुने फॉन्ट असतात. ‘युनिकोडमध्ये आलंय, कन्व्हर्ट करून घेतो,’ हे वाक्य कोणत्याही डीटीपी सेंटरमध्ये दिवसातून अनेकदा ऐकू येते. कन्व्हर्टरमधून मजकूर जुन्या फॉन्टात जातो, छापला जातो आणि पुढे संकेतस्थळासाठी किंवा कार्यालयाच्या अभिलेखासाठी त्याचे पुन्हा युनिकोड केले जाते. दोन्ही वेळा अक्षरांची चिरफाड होते, कारण दोन पद्धतींतला अक्षरांचा क्रमच भिन्न आहे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी येतो. रूपांतरात हा क्रम चुकला की ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते आणि ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’. मराठी वृत्तपत्रांच्या आणि शासकीय कार्यालयांच्या दस्तऐवजांत ही विद्रूप रूपे इतकी सर्रास आढळतात की, डोळ्यांना त्यांची सवय जडली आहे.

‘स्थिती’ दुरुस्त करता येते, कारण तो शब्द प्रत्येक कोशात आहे. अकोले तालुक्याची खरी संपत्ती कोशाबाहेरची आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाणांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग अशी भाताच्या वाणांची नावे, डांगाण परिसरातल्या बोलीतले शब्द, महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या गीतांतली रूपे, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील वाड्यावस्त्यांची, ओढ्यांची, देवस्थानांची नावे यांचा लिखित ठाव कुठे लागतो? शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत, जत्रेच्या पत्रकात, एखाद्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत, स्थानिक साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात. म्हणजे नेमक्या त्याच छपाईत, जी सर्वांत स्वस्त दरात, सर्वांत जुन्या फॉन्टात आणि सर्वांत घाईने होते. तिथला शब्द रूपांतरात मोडला, तर मूळ रूप कोणते हे पुण्या-मुंबईत बसलेला कोणताही संपादक सांगू शकणार नाही आणि कोणतेही यंत्र ओळखू शकणार नाही. जाणते लोक हयात आहेत तोवरच ही दुरुस्ती शक्य आहे.

या जिल्ह्याला अक्षराच्या जतनाची परंपरा नाही असे कोण म्हणेल? ज्ञानेश्वरी नेवाशात १२९० मध्ये सिद्ध झाली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात तिच्यात अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी १५८४ मध्ये उपलब्ध पोथ्या ताडून तिची संशोधित प्रत तयार केली. ते साधले, कारण अशुद्ध असल्या तरी त्या पोथ्या वाचता येत होत्या. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरातच सुरू झाले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ काढला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो दशकानुदशके चालवला. सत्यशोधक विचारांचे हे पत्र ज्यांना आज अभ्यासायचे आहे त्यांच्या हाती त्याचे अंक पडले, तर ते थेट वाचता येतात. मध्ये कोणत्याही कंपनीचा परवाना किंवा डोंगल आडवा येत नाही. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला १९१० सालचा मजकूर खुला राहतो आणि २००५ साली संगणकावर जुळवलेल्या स्मरणिकेची फाइल मुकी होते, ही आपल्या प्रगतीची लाजिरवाणी फलश्रुती आहे.

ज्यांना हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न वाटतो, त्यांनी दाखल्यांकडे पाहावे. अकोले हा आदिवासीबहुल तालुका आहे. अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्राची वैधता पडताळताना पूर्वजांच्या दाखल्यांतली नोंद अक्षरशः तपासली जाते. ‘कोळी महादेव’ आणि नुसते ‘कोळी’ यांतला भेद विद्यार्थ्याच्या प्रवेशाचे आणि उमेदवाराच्या नोकरीचे भवितव्य ठरवतो. अशा ठिकाणी शाळेच्या किंवा कार्यालयाच्या जुन्या फाइलींतून माहिती नव्या प्रणालीत नेताना ‘ळ’चा ‘ल’ झाला, आडनावातला रफार सरकला किंवा अर्धे अक्षर गळाले, तर ती चूक फॉन्टची होती हे कोण सिद्ध करणार? यंत्राने केलेल्या चुकीचे हेलपाटे माणसालाच घालावे लागतील आणि ते कोणाच्या वाट्याला येतील हेही उघड आहे. ज्याच्या घरी वकील आहे त्याच्या वाट्याला ते येणार नाहीत.

अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा अन्याय आजच घडतो आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर युनिकोड मराठी उत्तम वाचतात. जुन्या फॉन्टातली पुस्तिका समोर आली की तीच सॉफ्टवेअर रोमन अक्षरांची निरर्थक बडबड करू लागतात. कर्व्ह केलेली फाइल आली की त्यांना वाचायला काहीच सापडत नाही. शैक्षणिक संस्था आपल्या अहवालांत समावेशक शिक्षणाची ग्वाही देतात आणि तो अहवालच अशा फाइलीत छापतात, जी त्यांच्या अंध विद्यार्थ्याला कधीही वाचता येणार नाही.

आता फॉन्टच्या निवडीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अज्ञानाचा मोठा भाग इथेच आहे. फाइलीच्या नावापुढे टीटीएफ आहे की ओटीएफ, एवढे पाहून फॉन्ट ‘जुना’ किंवा ‘नवा’ ठरवण्याची रीत पडली आहे. ती चुकीची आहे. जुने २५६ घरांचे फॉन्टही टीटीएफच होते आणि आजचे उत्तम युनिकोड फॉन्टही टीटीएफ असू शकतात. तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. फॉन्ट युनिकोड आहे का? जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांची मांडणी करणारे ओपनटाइपचे तक्ते त्यात पूर्ण आहेत का? ‘ऱ्हस्व’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतली ‘ऱ्य’-‘ऱ्ह’ची आडवी खूण, ‘ॲ’, ‘ळ’ची जोडाक्षरे ही मराठीची गरज तो भागवतो का? पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे त्यात आहेत का? राज्य शासनाने २०२२ च्या शासन निर्णयात हीच वळणे वापरण्यास सांगितले; तरी हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ शासकीय फलकांवरून आणि जाहिरातींतून अजूनही मिरवतात. अनेक फॉन्टांत मराठी वळण असतेच, फक्त सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते. ती निवड करण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

टाइप १ तर आता निवडीच्या कक्षेतच नाही. संकेतस्थळांसाठी आकुंचित केलेले वॉफ फॉन्ट छपाईसाठी नव्हेत. इनडिझाइनसारख्या साधनात देवनागरीसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही, तर उत्कृष्ट फॉन्टही फुटतो आणि दोष युनिकोडच्या माथी मारला जातो. ‘युनिकोड छपाईला चालत नाही’ हा तालुक्या-तालुक्यांत रुजलेला ग्रह एका न निवडलेल्या पर्यायातून जन्मलेला आहे.

पीडीएफ केले म्हणजे सर्व सुरक्षित, ही दुसरी घातक समजूत. पीडीएफमध्ये अक्षराचे चित्र आणि अक्षराची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी साठवल्या जातात. छपाईला चित्र पुरते. शोधायला, वाचून दाखवायला आणि पुनर्मुद्रणाला ओळख लागते. जुन्या फॉन्टातून केलेल्या पीडीएफमध्ये ती ओळख मुळातच खोटी असते. कर्व्ह केलेल्या पीडीएफमध्ये ती नष्ट झालेली असते. युनिकोड मजकुराची पीडीएफही चुकीच्या मार्गाने काढली तर ती विस्कटते. म्हणूनच छपाईसाठी फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ-एक्स, दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली पीडीएफ-ए, आणि या दोहोंच्या जोडीला मूळ युनिकोड मजकूर, असा तिहेरी ठेवा जपणे हाच सुज्ञपणा आहे. प्लेटसेटरला कर्व्ह केलेली फाइल हवी असेल तर ती जरूर द्यावी. संग्रहात मात्र तिला एकटीला स्थान नाही.

खर्चाची सबब पुढे केली जाईल. ती टिकणारी नाही. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला ‘मंगल’ पडद्यासाठी होता आणि छपाईत तो शोभत नाही, ही तक्रार एके काळी रास्त होती. आज ‘एक टाइप’ या टाइप-फाउंड्रीचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, आयआयटी मुंबईचा शोभिका, खास मराठी वळणांनी घडवलेला टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. अक्षरशिल्पींच्या एका पिढीने आपले कौशल्य समाजाच्या ओंजळीत टाकले आहे. पेनड्राइव्हवरून हातोहाती फिरणारे चोरीचे जुने फॉन्ट वापरत राहणे हा त्या पिढीचा अवमान आहे आणि कायद्याचा भंगही.

शासनाला तर अज्ञानाचा आडोसाही घेता येणार नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी सर्व भारतीय भाषांकरिता युनिकोड हे संकेतन-मानक आणि ओपन फॉन्ट फॉरमॅट हे फॉन्टचे मानक म्हणून अधिसूचित केले. त्याला दीड दशक उलटले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि सत्काराच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरली. अभिजाततेचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात तालुका पातळीवरच्या छपाईच्या निविदांत कागदाचे वजन, रंगांची संख्या आणि बांधणीचा प्रकार काटेकोर लिहिलेला असतो. मजकूर कोणत्या संकेतनात हवा, याविषयी एक ओळही नसते. ज्याची अट नाही ते कोणी देत नाही. दोष ऑपरेटरचा नसून त्याच्याकडे काहीही न मागणाऱ्यांचा आहे.

हे असेच चालू राहिले तर पुढचे आघात क्रमाने येतील. भाषांतर, शोध आणि वाचा यांची नवी यंत्रे ज्या मजकुरावर शिकतात, तो युनिकोडमध्ये असावा लागतो. केंद्राचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. त्याला मराठी कोणती मिळणार? महानगरांतली, प्रमाण, इंटरनेटवर उपलब्ध असलेली. अकोल्याची, राजूरची, कोतूळची मराठी त्यात नसेल, कारण ती मृत फॉन्टांत कोंडलेली असेल. मग यंत्र ती बोली समजणार नाही. समजत नाही म्हणून सेवा तिच्यात मिळणार नाहीत. सेवा मिळत नाहीत म्हणून नवी पिढी ती टाकून देईल. अनास्थेने गमावलेल्या भाषेचे खापर त्या वेळी जागतिकीकरणावर फोडणे सोपे जाईल.

जुन्या फाइलींचे काम तातडीने हाती घेतले पाहिजे. तालुक्यातल्या प्रत्येक छापखान्यात आणि वृत्तपत्राच्या कार्यालयात पडून असलेल्या फाइली, त्यांना लागणारे फॉन्ट आणि ते चालवणारे संगणक यांची यादी करण्याचे काम नगर वाचनालये आणि महाविद्यालयांचे मराठी विभाग मिळून करू शकतात. रूपांतर यंत्राने करावे, पण मुद्रितशोधन माणसाने आणि शक्यतो त्याच परिसरातल्या माणसाने करावे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून सभागृहे बांधली जातात. त्यातला अल्प वाटाही या कामाला पुरेसा ठरेल. जुन्या फॉन्टांची रचना आणि त्यांतल्या खाचाखोचा जाणणारे ऑपरेटर आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना सन्मानाने आणि मोबदल्याने या कामात सामील करून घ्यावे लागेल. त्यांच्यामागे हे ज्ञान लिहून ठेवलेले कुठेही सापडणार नाही.

नव्या छपाईसाठी तर वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि त्याआधीच्या आठवड्यांत जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे, दूध संघांचे, पतसंस्थांचे अहवाल छापखान्यांत दाखल होतात. यंदाच्या कार्यादेशातच प्रत्येक संचालक मंडळाने अट घालावी: मजकूर युनिकोडमध्ये, फॉन्ट ओपनटाइप आणि परवानाधारक, छपाईची पीडीएफ फॉन्ट समाविष्ट केलेली, मूळ फाइल व मजकूर संस्थेच्या ताब्यात, आणि पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून तो शुद्ध उतरतो हे पाहिल्याखेरीज बिल मंजूर नाही. हीच अट गटविकास अधिकाऱ्यांनी पंचायत समितीच्या, मुख्याधिकाऱ्यांनी नगरपंचायतीच्या आणि प्राचार्यांनी महाविद्यालयाच्या पुढच्या छपाईला लावावी. त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.